बाबांच्या थडग्यावरचं गवत

जिनशान, २६ फेब्रुवारी २०१९

चिन-थू दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज पाठवला तर तो न बघता तसाच पडून राहतो, म्हणून हे टपालानं. पाकिटावर वहिनीचं नाव घातलंय, म्हणजे निदान फोडलं तरी जाईल. तब्येत विचारत नाही. ती ठणठणीत आहे हे आ-खुनकडून कळलं. ज्या आवाजात तू त्याच्यावर ओरडलास, तो आजारी माणसाचा आवाज नव्हे.

सकाळीच आला होता आ-खुन. काकांचा मुलगा म्हणून त्याला घरात हक्कानं यायला हरकत नाही, पण बिचारा दारातच उभा राहिला, चपला काढेना. "बी-लुआनताई, मी नुसता निरोप्या आहे हं, माझ्यावर डाफरू नकोस," म्हणाला. मग निरोप सांगितला. छिंगमिंगला सगळे पूर्वजांची थडगी झाडायला जातात, त्याच्या आधी, वीस मार्चला, तू ओउ नावाचा ठेकेदार पाठवणार. तो बाबांच्या थडग्यावरच्या गवतावर तणनाशक फवारणार, वाळलं की उपटणार, सगळ्या उंचवट्यावर सिमेंट ओतणार आणि वरून हिरवा रंग देणार.

हिरवा रंग! गवत मारून सिमेंटला हिरवा रंग! ही कल्पना तुझी की ठेकेदाराची, एवढं तरी कळव.

माझं उत्तर असं की, नाही. हे होणार नाही.

मागच्या छिंगमिंगला गवत कमरेइतकं वाढलं होतं, हे मला मान्य आहे. शेजारच्या थडग्यावरची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "यांचं मागे कुणी उरलं नाही वाटतं," आणि चार लोकांत तुझं नाक कापलं गेलं, तेही मान्य. पण आधीची तीन वर्षं तू आलाच नव्हतास, दादा. आणि आलास तो थेट माझ्यावर बोट रोखून, "एवढं एक काम होतं तुझ्याकडे, तेही जमलं नाही?" त्यानंतर वर्षभर आपण बोललेलो नाही. मला त्याचं दुःख झालेलं नाही, असं मी आ-खुनला सांगितलंय.

गवत का वाढलं तेही सांगते. माझा उजवा गुडघा गेलाय. डॉक्टरांनी चढ चढायला मना केलंय. उन्हाळ्यापर्यंत बरा झाला की मी स्वतः कापीन. ठेकेदाराला येऊ नको म्हणून सांग.

बी-लुआन


९ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे.

गुडघ्याचं खोटं होतं. गुडघा उत्तम आहे. आठवड्यातून चार सकाळी मी ती टेकडी चढते, पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घेऊन. आ-खुननं हे तुला एव्हाना सांगितलंच असेल, त्याच्या पोटात काही राहत नाही.

ओझं म्हणजे कॅमेरा आणि टेलिफोटो लेन्स. तुला वाटतं मी शिवणाचं दुकान बंद केल्यापासून खिडकीत बसून समुद्र बघते. पाणथळीवर पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक असतात ना, रांगेनं तोफा मांडून बसलेले, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला ती लेन्स पेलवेना, त्याच्याकडून मी घेतली. पहिल्या दिवशी त्यांच्या रांगेत बसले. सगळ्यांच्या तोफा आकाशाकडे, माझी खाली बांधाकडे. "काय ताई, तोफेनं डास मारणार का?" एकजण म्हणाला आणि सगळी रांग हसली. मी अर्ध्या तासानं त्यांना कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर फोटो दाखवला. बोटाएवढं अंग, अंगाच्या तिप्पट शेपूट, कुशीवर हिरवे ठिपके आणि डोळ्यात आख्खं आकाश उतरलेलं. मग कुणी हसलं नाही. आपण लहानपणी ज्याला चार पायांचा साप म्हणून दगड मारायचो, तो गवतातला सरडा, दादा.

त्यांच्यातल्याच एका शहाण्यानं मला सल्ला दिला होता. म्हणे पकडून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेव, गारठला की हलत नाही, मग हवा तितका जवळून काढ. मी म्हटलं, "आधी तुम्ही बसा फ्रिजमध्ये. हलला नाहीत तर विचार करते."

मी तसं करत नाही. पाच हातांवर पालथी पडते. कोपरांखाली टेकायला लाल वाल भरलेली पिशवी. पाच हातांच्या आत गेलं, की तो गेलाच. आपली सावली त्याच्यावर पडली, तरी गेला. म्हणून सूर्य कुठे आहे ते आधी बघायचं, मग पडून राहायचं. पहिली वीस मिनिटं तो नसतोच. मग तुम्ही दगड झालात याची खात्री पटली की पात्यावर चढतो आणि ऊन खातो. वारा आला की पातं हलतं, पातं हललं की त्याचा डोळा लेन्समधून निसटतो. श्वास धरायचा, थांबायचं. तीस वर्षं सुईत दोरा ओवला, मला थांबता येतं.

बाबांच्या थडग्यावर ते अकरा आहेत. मी त्यांना नावं ठेवलेली नाहीत, तसले चाळे माझ्याकडे नाहीत, पण ठिपक्यांवरून ओळखते. आता खरं कारण ऐक. त्या टेकडीवर दरवर्षी फवारणी होते. यू आडनावाच्या लोकांनी त्यांच्या थडग्यावर फरशी बसवली, त्यांच्या पलीकडच्यांनी सिमेंट केलं, खालच्या अंगाला तर गाड्या लावायला जागा केली. सगळ्या उतारावर गवत उरलंय ते फक्त बाबांच्या अंगावर. म्हणून ते सगळे तिथे आलेत. मी मुद्दाम कापत नाही. पाच वर्षं मुद्दाम कापलेलं नाही.

आता चिड. पण चिडून ठेकेदाराला थांबव.

बी-लुआन


२१ मार्च

दादा,

तू थांबवलं नाहीस. म्हणून मी थांबवलं.

काल साडेआठलाच ओउ आला. पन्नाशीचा, ठेंगणा माणूस, पाठीवर फवारणीची टाकी, तोंडाला फडकं. मी थडग्याच्या डाव्या बाजूला पालथी पडले होते, अंगावर मळकट हिरवी शाल. त्याला आधी माझे पायच दिसले.

"अगं आई गं! कोण पडलंय इथे?"

मी म्हटलं, "पुढे येऊ नका. सावली पडेल."

झालं! थडग्याच्या बाजूनं बाईचा आवाज, सावली नको म्हणते. गडी टाकीसकट गुडघ्यावरच आला. हात जोडून म्हणाला, "मावशी, चुकलं. आम्ही फक्त गवतासाठी आलोय. तुम्हाला धक्कासुद्धा लावणार नाही. नंतर नैवेद्याला केक आणून ठेवतो, पितरांच्या पैशांचे कागद जाळतो, काय म्हणाल ते."

"मी जिवंत आहे हो. खाली बसा म्हणजे झालं."

बसला. दहा मिनिटं बसला बिचारा, मी फोटो काढून होईस्तोवर. मग मी उठून त्याच्या हातात कागद दिला. काम रद्द केलं आहे, तसदीबद्दल क्षमस्व, असं लिहिलेलं, आणि खाली तुझ्या नावाचा लाल शिक्का. त्यानं शिक्का उन्हात धरून बघितला आणि म्हणाला, "काम देणाऱ्यांचाच आहे. मग प्रश्न नाही."

हो, तुझाच. घराचे कागद करायला लागेल म्हणून बाबांच्या कपाटात तू ठेवून गेला होतास तो. शिक्का खरा, मजकूर माझा. आपल्याकडे सही कुणी बघत नाही, शिक्का बघतात. त्याला मी काय करू? हा गुन्हा असतो हे मला ठाऊक आहे. नगर कार्यालयात जा, पोलिसांत जा. मला विचारलं तर मी हो म्हणेन. मी त्यांना शाई कुठे ठेवलीय तेही दाखवीन.

जाता जाता ओउनं पडद्यावरचा फोटो बघितला. "हा होय? याच्यावर तर मी रोज फवारतो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

तो बराच वेळ बघत राहिला. "एवढा हिरवा असतो का हा?" म्हणाला आणि टाकी उचलून खाली गेला. मला तो माणूस आवडला. तुझ्यापेक्षा त्यानं जास्त ऐकलं.

बी-लुआन


२९ मार्च

दादा,

आलं तुझं पत्र. वर्षभरानं आलं आणि तीन ओळींचं आलं. तुझ्याच ओळी तुला परत लिहून पाठवते, म्हणजे त्या कशा दिसतात ते तुला कळेल. "शिक्क्याचं प्रकरण मी बाहेर नेत नाही, घराच्या अब्रूचा प्रश्न आहे. पाच तारखेला मी स्वतः येऊन गवत कापतो. दगडावर तुझं नाव नाही, तेव्हा त्या जागेबद्दल तू बोलायचं कारण नाही."

पहिल्या दोन ओळी मी एकदा वाचल्या. तिसरी वाचून मी भांडी घासायला बसले. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

खरंय. ज्येन घराण्याच्या दगडावर तुझं नाव आहे. तुझ्या मुलाचं, बो-कायचं आहे. बो-कायचा मुलगा तेव्हा रांगत होता, त्याचंही आहे. मुलींची कोरत नाहीत, हे कोरणाऱ्यानं मला तेव्हाच समजावलं होतं. फार नम्रपणे समजावलं त्यानं. मी त्याला चहा दिला. बाबांना अकरा वर्षं दिवसातून सहा वेळा कूस बदलून द्यावी लागायची. तो हात कुणाचा होता हे दगडावर लिहीत नाहीत.

वहिनीनं परवा फोन केला. तिला वाटलं, ती मला आनंदाची बातमी देतेय. तू म्हणे माझ्यासाठी देवळात जागा बघून ठेवलीस, लग्न न होता गेलेल्या बायकांच्या नावाच्या पाट्या ठेवतात त्या खोलीत. म्हणजे मी मेले की उदबत्ती लावायला कुणीतरी असेल. घरच्या देवघरात बाबांच्या आईच्या शेजारी मला जागा नाही, कारण तसा रिवाज नाही. मला आधी नीट समजून घेऊ दे हा रिवाज. लग्न झालेल्या मुलीनं माहेरच्या थडग्यावर यायचं नाही, भावांना बाधतं. लग्न न झालेल्या मुलीनं यायचं, झाडायचं, उपटायचं, कापायचं, पण बोलायचं नाही. म्हणजे मेल्यावर मी घरची नाही, आणि गवत कापायला मात्र घरची!

मला राग आलाय, दादा. फार आलाय. लपवत नाही. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि माझ्या बापाच्या थडग्याबद्दल मी बोलणार. दगड काय म्हणतो ते दगडाला विचार.

ये पाच तारखेला. मी सात वाजल्यापासून तिथे असेन.

सोबत एक फोटो पाठवतेय. तुझ्या कोरलेल्या नावावर बसून एकजण ऊन खातोय. त्याच्या डोळ्यावर लेन्स रोखली की मागचं सगळं विरघळतं, तसं तुझं नाव धूसर आलंय. त्याला मी जबाबदार नाही.

बी-लुआन


७ एप्रिल

दादा,

परवा जे झालं, ते तू बघितलंस, मी बघितलं, चारजणांनी बघितलं. तरी लिहिते, कारण त्यातली एक गोष्ट फक्त मी बघितली.

तुम्ही नऊला वर आलात. वहिनीच्या हातात नैवेद्याच्या हिरव्या तांदूळ-केकची टोपली, बो-कायकडे थडग्यावर ठेवायचे पिवळे कागद, आ-खुनकडे पाण्याचे डबे. माझी टोपी गवतातून दिसत असणार, कारण वहिनी "अगं बाई, ओलं आहे ना खाली," म्हणाली. तू कोट काढून बो-कायकडे दिलास, बाह्या दुमडल्यास आणि फडक्यातून विळा काढलास. नवा होता. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात तो कसा दिसत होता, ते लिहीत नाही. अडुसष्टाव्या वर्षी तू टेकडी चढून स्वतः आलास, ठेकेदाराच्या आड लपला नाहीस, हे मात्र मला आवडलं. तोंडावर सांगितलं नसतं.

तू पायथ्याकडून कापायला लागलास. मी जागची हलले नाही. मला वाटलं होतं मी आडवी येईन, ओरडेन, विळा धरेन. आ-खुनलाही तसंच वाटलं होतं, तो पाण्याचे डबे छातीशी धरून उभा होता. पण माझ्यानं झालं नाही. तुझ्या मानेवरचा घाम बघितला आणि वाटलं, बाप त्याचाही आहे. मी एवढंच म्हटलं, "आधी हातानं गवत बाजूला कर, मग काप." तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तू म्हणालास, "बी-लुआन, मला शिकवू नकोस."

मग ती शेपूट.

दगडाच्या पायरीवर येऊन पडली आणि वळवळायला लागली. तू विळा हातात धरून बघत राहिलास. बो-काय मागे सरला, वहिनीनं तोंडावर हात ठेवला. मी गुडघ्यांवर सरपटत पुढे आले, डोक्यावरची टोपी काढून कापलेल्या गवतावर टाकली, वर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "काही नाही झालेलं. शेपूट टाकून पळाला. ती परत येते त्यांची."

"हो हो, त्यांची येते परत," आ-खुन लगेच म्हणाला. देव त्याचं भलं करो.

शेपूट मिनिटभर हलत होती. तू ती थांबेपर्यंत उभा राहिलास. मग विळा पुसलास, फडक्यात गुंडाळलास आणि कुणाकडेच न बघता म्हणालास, "बास. पुढची बाजू दिसली म्हणजे झालं." अर्ध्याहून जास्त गवत उभंच राहिलं. वहिनीला कळेना काय झालं, तिनं केक मांडायला घेतले.

मग उदबत्त्या लावल्यास आणि थोरल्यानं सांगायचं असतं तसं बाबांना सांगितलंस, आज तुम्हाला भेटायला कोण कोण आलंय. मी चिन-थू. सूनबाई. नातू बो-काय. पुतण्या आ-खुन. आणि वाकायला लागलास. मी तिथेच, टोपीवर हात ठेवून, गुडघ्यांवर. उठता येत नव्हतं मला. म्हणून तिथूनच म्हटलं, "आणि बी-लुआन."

फार मोठ्यानं म्हटलं असणार, कारण शेजारची म्हातारी वळून बघायला लागली. उदबत्तीची राख तुझ्या हातावर पडली, तरी तू हात झटकला नाहीस. मग तू बाबांना म्हणालास, "आणि बी-लुआन." तेवढंच. पण म्हणालास.

तुम्ही खाली गाडीपाशी जाईपर्यंत मी टोपीवरचा हात काढला नाही. तुला वाटलं असेल, मी रुसून बसलेय. वहिनीनं दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.

टोपीखाली तो होता, दादा. शेपूट त्यानं टाकली होती, पण पळाला नव्हता. विळा पुढच्या पायांच्या मागून गेला होता. तुझ्या नावावर बसलेला तोच, उजव्या कुशीवर सात ठिपके असलेला. आता दहा आहेत.

हे तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं. आ-खुनलासुद्धा माहीत नाही. पण मी तुझ्यापासून आणखी एक गोष्ट पाच वर्षं लपवलीय आणि ती याच्यासारखीच आहे. बाबा गेले त्याच्या पुढच्या वसंतात, पहिल्या छिंगमिंगच्या आदल्या दिवशी, ते गवत मी कापलं. तू दुसऱ्या दिवशी आलास आणि म्हणालास, छान स्वच्छ केलंस. आठवतं? मीही हातानं गवत बाजूला केलं नव्हतं. मूठ धरली आणि ओढला विळा. मुठीत गवताबरोबर अर्धा तो आला. अर्धा खाली हलत होता. बघायला कुणी नव्हतं, तरी मी इकडेतिकडे बघितलं. रुमालात गुंडाळून बाबांच्या पायथ्याशी पुरला आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशीच्या केकसाठी तांदूळ भिजवले. तू छान म्हणालास तेव्हा मी मान डोलावली.

ती लेन्स मी त्याच महिन्यात घेतली. मला त्यांच्याजवळ जायचं होतं, आणि हात लावायचा नव्हता.

आता तू मला वेडी म्हण. मी माफी मागत नाही. शिक्क्याची मागत नाही, आणि बाबांसमोर माझं नाव मी घेतलं त्याची तर मुळीच नाही. देवळातली ती जागा दुसऱ्या कुणाला दे, गरजू बाया पुष्कळ असतील. मी कुठे जायचं ते माझं मी ठरवीन. उरलेलं गवत उभं आहे, ते उभंच राहील. पुढचा भाग तू कापलास तिथेही पावसाळ्यात येईल, तोही मी कापणार नाही.

पुढच्या वर्षी यायचं तर ये. विळा आणायचा तर तोही आण. पण आधी माझ्या शेजारी पालथा पड, पाच हातांवरून बघ, आणि मग काय करायचं ते तुझ्या हातानं कर. परवा सगळ्यांसमोर मी तुझ्यासाठी खोटं बोलले. पुन्हा बोलणार नाही.

ज्येन बी-लुआन